गंजलेली मसल कार घेऊन पैसे सुटतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डेट्रॉइटच्या उपनगरात राहतो. नोकरी गाड्यांच्या धंद्यातली, आणि घरी गॅरेजमध्येही कायम एखादी जुनी गाडी हाडं उघडी टाकून उभी. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसाद हातात पडेपर्यंत कोणी ना कोणी फोन पुढे करतो: "हे बघा, चार हजारात जुनी डॉज चार्जर मिळतेय, घेऊ का?" गेल्या काही वर्षांत व्हॉट्सअॅपवर आणि ईमेलवर आलेले तेच ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आकडे अमेरिकेतले आणि डॉलरमध्ये आहेत.

१. मसल कार म्हणजे नक्की कुठली? प्रत्येक जुनी अमेरिकन गाडी मसल कार असते का?

नाही. मध्यम आकाराची, दोन दारांची, साधी गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन बसवायचं, ही मूळ कल्पना. सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून धरतात. जनरल मोटर्सचा तेव्हा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टिअॅकवाल्यांनी ३८९ घनइंचांचं इंजिन स्वतंत्र मॉडेल म्हणून न देता 'ऑप्शन' म्हणून यादीत सरकवलं आणि नियमाला बगल दिली. पुढे शेव्हेल एसएस, रोडरनर, चार्जर आर/टी वगैरे आल्या. विम्याचे वाढते हप्ते, धुराचे नियम आणि १९७३ चं तेलसंकट यांनी हा खेळ संपवला.

मस्टँग, कॅमॅरो, बाराकुडा यांना जाणकार 'पोनी कार' म्हणतात. गंजाच्या हिशेबात फरक पडत नाही, म्हणून इथे सगळ्या एकाच पंगतीत बसवल्या आहेत.

२. थोडक्यात सांगा. म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसालाच ना?

बहुतेक वेळा हो. याचं कारण एकदा डोक्यात बसलं की पुढचे अर्धे प्रश्न पडतच नाहीत.

गंजाला मॉडेल कळत नाही. फरशी कापून नवी बसवायला, मागचे पत्रे बदलायला, गाडी तासून रंगवायला जे तास लागतात ते सहा सिलिंडरच्या साध्या मस्टँगला आणि ४२६ हेमी इंजिनच्या बाराकुडाला जवळजवळ सारखेच. तयार गाडीची किंमत मात्र कारखान्यातून ती काय म्हणून बाहेर पडली यावर ठरते. १९७१ ची हेमी 'कुडा (म्हणजे बाराकुडाच) कन्व्हर्टिबल, जिच्या जेमतेम ११ गाड्या बनल्या, २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. १९६६ च्या मस्टँग मात्र सहा लाखांहून जास्त बनल्या. त्यातली साधी कूपे कितीही जीव ओतून केलीत तरी बाजार तिच्या ठरलेल्या भावापुढे जात नाही.

"मग गंजलेली हेमीच घेऊ" असं म्हणाल, तर तिचा मालक काही झोपलेला नसतो. गवतात रुतलेली असली तरी ती काय आहे हे त्याला माहीत असतं आणि त्याने भाव त्याच हिशेबाने लावलेला असतो.

३. तुमच्या स्वतःच्या गाडीला किती खर्च आला ते खरं सांगाल का?

सांगतो. १९६८ ची मस्टँग कूपे, २८९ चं व्ही-८, मिशिगनमधल्याच एका धान्याच्या कोठारातून २०१४ मध्ये ४,५०० डॉलरला आणली. इंजिन हाताने फिरत होतं एवढ्यावर मी खूश. माझा अंदाज होता १५ हजार, दोन वर्षं.

पत्रे आणि मला न जमणारं वेल्डिंग ९,०००. रंग ९,०००, तोही घासकाम मी स्वतः केल्यावर. इंजिन आणि गिअरबॉक्स ५,४००. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, टायर ३,५००. सीट, छत, गालिचा २,६००. क्रोम, काचा आणि दारा-खिडक्यांचे रबर २,९००. वायरिंग, सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने रंग-गंज उडवणं) आणि 'किरकोळ' २,१००. ही किरकोळ रक्कम फसवी असते. एकदा फक्त नटबोल्टांच्या पिशव्यांना २३० डॉलर मोजले आहेत.

एकूण ३४,५००. गाडीसकट ३९,०००. वर्षं पाच. २०१९ मध्ये ती २४,००० ला विकली आणि तो भाव चांगला होता. म्हणजे १५ हजारांची पदरमोड. माझे वहीत लिहिलेले तास भरले सुमारे ९००. तासाला सोळा-सतरा डॉलर खिशातून देऊन मी मजुरी केली असा त्याचा अर्थ. त्याच सुमाराला शेजारच्या गावात तशीच तयार मस्टँग २२ हजारांना उभी होती. मी ती बघायला गेलोच नाही, गेलो असतो तर रडू आलं असतं.

४. गाडी बघायला गेल्यावर गंज कुठे शोधायचा?

जिथे दिसतो तिथे शोधू नका. दाराखालचा फुगलेला रंग कोणालाही दिसतो, तो स्वस्तातला गंज. महागडा गंज लपलेला असतो.

चुंबक सोबत न्या, रंग खरवडू नये म्हणून फडक्यात गुंडाळून. मागच्या चाकाच्या कमानीवरून हळूहळू खाली आणा. ओहायोत एक चकचकीत लाल शेव्हेल बघायला गेलो होतो. कमानीच्या वरच्या भागात चुंबक घट्ट बसत होता, चार बोटं खाली आणला आणि टप्पकन हातातून निसटून गवतात पडला. तिथे पत्राच नव्हता, नुसती पुट्टी. विकणारा म्हणाला, "असू शकेल थोडीशी." नंतर आम्ही आत हात घातला तर जाळीचा तुकडा आणि त्यावर बोटभर थर.

मस्टँग असेल तर मगभर पाणी मागून घ्या. पुढच्या काचेखाली हवेच्या जाळ्या असतात, त्यांत ते ओता आणि डॅशबोर्डखाली दोन्ही बाजूंना हात लावून बघा. हात ओला झाला तर आतली पन्हळ कुजली आहे. ती बदलायला पुढचे फेंडर (चाकांवरचे पत्रे) उतरवून, शेकडो स्पॉट वेल्ड एकेक भोक पाडून सोडवावे लागतात. माझ्या वेल्डिंगच्या खर्चातला मोठा वाटा या एका जागेचा होता.

छताला व्हिनाइल चिकटवलेलं असेल तर मागच्या काचेच्या कडेने अंगठा दाबत जा. कुरकुरीत आवाज आला तर खाली पापड झालाय.

मग गाडीखाली. मस्टँग, चार्जर, बाराकुडा यांना वेगळी चौकट नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार घेते. म्हणून फरशीखालच्या पेट्या, पुढच्या-मागच्या रेल्स, क्रायस्लरच्या गाड्यांत टॉर्शन बार जिथे अडकतो तो आडवा पत्रा, हे कुजलं तर गाडीचा कणाच गेला. जीटीओ, शेव्हेल यांना खाली स्वतंत्र चौकट असते. तिथे मागच्या अॅक्सलच्या वर वळण घेणारा भाग हातोडीने ठोका. खणखणीत आवाज हवा, भद्द नको. कॅमॅरो अर्धी अशी, अर्धी तशी.

शेवटी दार उघडून लावून बघा. उघडल्यावर लटकतंय किंवा फट वर कमी, खाली जास्त आहे, तर बिजागऱ्यांवर विसंबू नका. बॉडी वाकलेली असू शकते.

५. विकणारा म्हणतो, "वरवरचाच गंज आहे."

प्रत्येक विकणारा हेच म्हणतो. टोकदार स्क्रूड्रायव्हर पुढे करून "टोचून बघू का?" असं विचारा. त्याच्या चेहऱ्यावर उत्तर मिळतं. आणि एक लक्षात ठेवा: डोळ्यांना दिसतात त्याच्या दुप्पट-तिप्पट भोकं सँडब्लास्टिंगनंतर निघतात. माझी बॉडी ट्रेलरवरून उतरवली तेव्हा तिच्यातून गॅरेजच्या ट्यूबलाइटचा उजेड पलीकडे पडत होता. बायको म्हणाली, "चाळण आणलीस."

६. मिशिगनची गाडी घ्यावी की अॅरिझोनाची मागवावी?

अॅरिझोनाची. डेट्रॉइट शहराच्या पोटात सुमारे १,१०० फुटांवर मिठाची खाण आहे आणि इथले रस्ते हिवाळाभर मिठात न्हातात. साठच्या दशकातला पत्रा बहुतांशी जस्ताच्या लेपाशिवायचा. लोणच्यात लोखंड ठेवल्यासारखं होतं.

वाळवंटातल्या गाडीचे सीट फाटलेले, डॅशबोर्ड तडकलेला आणि रबर चुरा झालेलं असतं, पण हे सगळं तयार विकत मिळतं. सरळ, कोरडा पत्रा मिळत नाही. दोन-तीन हजार जास्त मोजून वर वाहतूक भरली तरी स्वस्त. फक्त टायटल (मालकीचा कागद) कुठल्या राज्यांतून फिरत आलंय ते बघा. गाडी अॅरिझोनात 'आहे' आणि अॅरिझोनात 'राहिलेली आहे' यात फरक आहे.

७. "ही खरी एसएस आहे, खरी जीटीओ आहे" हे कसं पडताळायचं?

पत्र्याआधी कागद बघा असं मी सगळ्यांना सांगतो, कारण किंमत तिथे ठरते (प्रश्न २).

१९६६ ते ७१ च्या जीटीओचा व्हिन नंबर (गाडीचा ओळख क्रमांक) २४२ ने सुरू होतो. १९६४-६५ ची असेल तर नंबरावरून कळत नाही, कारण तेव्हा जीटीओ हा ऑप्शन होता. पॉन्टिअॅकची मूळ बिलं पॉन्टिअॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळतात, तेवढे पैसे खर्च कराच. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट (कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला दाखला). मस्टँगच्या नंबरातलं पाचवं अक्षर इंजिन सांगतं: सी म्हणजे दोन बॅरलच्या कार्ब्युरेटरचं साधं व्ही-८, टी म्हणजे सहा सिलिंडर. क्रायस्लरच्या १९७०-७१ च्या गाड्यांत पाचवं अक्षर आर असेल तर हेमी, व्ही असेल तर ४४० सिक्स पॅक (तीन कार्ब्युरेटरचं इंजिन).

शेव्हेल अवघड. १९६६ ते ६८ पर्यंत १३८ हा आकडा एसएस ३९६ सांगतो, पण १९६९ पासून एसएस हा ऑप्शन झाला आणि नंबर मुका झाला. मग पेट्रोलच्या टाकीच्या डोक्यावर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकलेला कारखान्याचा बिल्ड शीट सापडतो का ते बघायचं. तपकिरी, उंदराने कुरतडलेला कागद, पण तोच गाडीच्या किमतीत हजारो डॉलरची भर घालतो. टाकी उतरवताना घाईने ओढू नका.

८. इंजिन मूळचं नाही. मग घेऊच नये का?

चालवायला घेणार असाल तर खुशाल घ्या आणि त्याच कारणावरून भाव पाडा. विकण्याच्या हिशेबाने घेत असाल तर बघा गाडी कुठल्या दर्जाची आहे. साध्या मस्टँगमध्ये इंजिन बदलल्याचं कोणाला फारसं सोयरसुतक नसतं. १९७० च्या शेव्हेल एलएस६ मध्ये, जिचं ४५४ घनइंचांचं इंजिन ४५० अश्वशक्तीचं म्हणून नोंदलेलं होतं, मूळ इंजिन नसणं म्हणजे मंगळसूत्राशिवाय लग्नाचा फोटो. इंजिनावर पुन्हा नंबर ठोकून देणारेही आहेत. ठोकलेल्या अक्षरांखाली कारखान्याच्या यंत्राच्या बारीक समांतर रेषा दिसायला हव्यात. गुळगुळीत तासलेलं दिसलं तर पाऊल मागे.

९. सगळं स्वतः केलं तर मजुरी वाचेल. मग तर फायदा होईल?

मजुरी वाचते, वेळ वाचत नाही, आणि शिकताना वाया घालवलेला पत्रा कोणी मोजत नाही. पूर्ण गाडी सोडून बांधायला हजार तास हा बरा अंदाज आहे. आठवड्याला आठ तास दिलेत, म्हणजे दर शनिवार, तर अडीच वर्षं. त्यात मुलांचे सॉकर, भारतवारी आणि मिशिगनची थंडी वजा करा.

वेल्डिंग शिकायचं असेल तर फरशीवर शिका, गालिचाखाली झाकलं जातं. मागच्या मोठ्या पत्र्यांवर शिकू नका. उष्णतेने पत्रा लाटा मारतो आणि त्या काळ्या रंगात दहा फुटांवरून दिसतात.

१०. गॅरेजला दिली तर ते पक्का आकडा देतील का?

शहाणं गॅरेज देत नाही, कारण आत काय निघेल ते त्यालाही माहीत नसतं (प्रश्न ५). तासाचा दर, दर महिन्याला बिल आणि फोटो, आणि आधी फक्त सोडून-ब्लास्ट करून बघण्याचा पहिला टप्पा, असा करार करा. तो टप्पा झाल्यावर थांबायची मुभा ठेवा.

मी सगळे पैसे आगाऊ देण्याची चूक दुसऱ्या एका गाडीच्या रंगाला केली. चौदा महिने ती त्यांच्या कोपऱ्यात होती. परत आणली तेव्हा दोन दारांपैकी एक दुसऱ्याच गाडीचं होतं.

११. नवी कोरी बॉडी विकत मिळते म्हणे. जुना नंबर त्यावर लावला तर गंजाची कटकटच संपली?

बॉडी मिळते, हे खरं. डायनाकॉर्न ही कंपनी पहिल्या पिढीच्या कॅमॅरोची आणि मस्टँग फास्टबॅकची अख्खी नवी बॉडी विकते. सुटे पत्रे तर जवळजवळ प्रत्येक लोकप्रिय मॉडेलचे मिळतात.

नंबरची अदलाबदल मात्र करू नका. व्हिन नंबर काढणं किंवा बदलणं हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. कॅन्ससमधल्या एका माणसाने नीट पैसे मोजून १९५९ ची कॉर्व्हेट घेतली. आधीच्या दुरुस्तीत नंबरची पट्टी काढून परत बसवलेली होती, पोलिसांनी गाडी जप्त केली, आणि ती चिरडून टाकण्याची वेळ आली होती. चोरी वगैरे काही नव्हती. शेवटी २०२२ मध्ये राज्याला कायदा बदलावा लागला. तोवर काही वर्षं गाडी सरकारी ताब्यात. नवी बॉडी वापरायचीच असेल तर तुमच्या राज्याच्या नियमाने 'असेंबल्ड' किंवा 'रेप्लिका' म्हणून नवीन नोंदणी घ्या, आणि विकताना तसं सांगा. भाव अर्थातच मूळ गाडीचा येणार नाही.

१२. रिस्टोमॉड केली तर? म्हणजे जुनं रूप, आत नवं इंजिन, एसी, डिस्क ब्रेक?

चालवायला उत्तम. पैशाच्या बाजूने दोन गोष्टी. साधी किंवा आधीच मूळ इंजिन गेलेली गाडी असेल तर रिस्टोमॉडने किंमत वाढू शकते, कारण घालवायला काही उरलेलंच नसतं. खऱ्या, कागदपत्रं असलेल्या दुर्मीळ गाडीवर हा प्रयोग म्हणजे पैठणी कापून पडदे शिवणं. दुसरं, तुमची आवड बाजाराची आवड असेलच असं नाही. तुम्ही निवडलेला केशरी रंग आणि २० इंची चाकं पुढच्याला बदलायची असतात आणि तो त्याचे पैसे भावातून कापतो.

१३. न दुरुस्त करता, गंजासकट ठेवली तर जास्त किंमत येते असं ऐकलं. खरं का?

क्वचित. १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटात नट स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी मस्टँग फास्टबॅक एका कुटुंबाने १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली आणि कित्येक वर्षं तशीच ठेवली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीच्या लिलावात ती ३४ लाखांवर तुटली, शुल्क धरून ३७ लाख ४० हजार. ओरखडे, गंज, चित्रीकरणाच्या खुणा सगळं जागच्या जागी. चकचकीत केली असती तर नुसती आणखी एक हिरवी मस्टँग झाली असती.

तुमची गाडी ती नाही. पण मूळ रंग, मूळ सीट आणि पहिल्या मालकाचे कागद असलेली, वरवर मळलेली गाडी हातात आली तर आधी फक्त धुवा. सँडपेपर लावण्याआधी एखाद्या जाणकाराला दाखवा.

१४. मग या धंद्यात पैसे कोण कमावतं?

अर्ध्यावर थांबणारे. मी बघितलेला सर्वांत हुशार माणूस पूर्ण गाडी घेतो, सुटे भाग शाबूत असलेली. टाकी साफ, ब्रेक नवे, इंजिन चालू, उंदरांची घरटी बाहेर, खाली लिफ्टवर घेऊन गंजाचे प्रामाणिक फोटो, टायटल नावावर. तीन-चार शनिवार, हजार-दीड हजार खर्च. आणि विकून टाकतो. रंगाला हात लावत नाही. 'बंद पडलेली' आणि 'चालणारी' यांच्या भावातला फरक त्याच्या खिशात जातो. 'चालणारी' आणि 'सुंदर' यांच्यातली दरी पुढचा गिऱ्हाईक आपल्या पैशाने भरतो. तो गिऱ्हाईक म्हणजे २०१४ मधला मी.

दुसरे कमावतात ते भाग विकणारे. कणा गेलेल्या गाडीचे मूळ बंपर, काचा, डॅशबोर्ड, कार्ब्युरेटर वेगवेगळे विकले तर अख्ख्या गाडीपेक्षा जास्त येतात. पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरमध्ये हर्शीला जुन्या गाड्यांचा आणि भागांचा बाजार भरतो, तिथे एक फेरी मारली की कळेल. जागा आणि सहनशील शेजारी मात्र हवेत.

१५. विमा आणि कर यांचं काय?

विमा 'अॅग्रीड व्हॅल्यू'चाच घ्या, म्हणजे नुकसान झालं तर आधी ठरलेली रक्कम पूर्ण मिळते. 'स्टेटेड व्हॅल्यू' ऐकायला तसंच वाटतं, पण त्यात कंपनी घसारा लावू शकते. काम चालू असतानाही विमा घ्या आणि टप्प्याटप्प्याने रक्कम वाढवा.

नफा झाला तर कर लागतो. हौसेच्या गाडीवर झालेला तोटा मात्र वजा करता येत नाही. म्हणून बिलं जपा. लावलेले भाग आणि दुसऱ्याला दिलेली मजुरी मूळ किमतीत मिळवता येते.

मिशिगनमध्ये किमान २६ वर्षांच्या गाडीला 'हिस्टॉरिक' पाटी मिळते. एरवी ती प्रदर्शन, क्लब यांपुरतीच, पण ऑगस्टमध्ये कुठेही चालवता येते. वुडवर्ड ड्रीम क्रूझ (आमच्याकडची जुन्या गाड्यांची जत्रा) ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी असते, तेव्हा नियम करणारेही आमच्यातलेच असावेत.

१६. पुण्याला नेता येईल का? तिकडे तर लोक वेडे होतील.

वेडे होतील, पण तुमचे पैसे सुटणार नाहीत. जहाज, आयात शुल्क, परवाने यांचा खर्च साध्या मस्टँगच्या किमतीला मागे टाकतो. भारतात २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, आणि नंबरात व्हीए ही अक्षरं येतात. पण ती रोज चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही, म्हणजे रिस्टोमॉडचा (प्रश्न १२) प्रश्नच मिटला. इथे चालवा, तिकडे फोटो पाठवा.

१७. सासऱ्यांची १९७० ची नोव्हा आहे. ते गेले. भावनेपोटी करायची आहे, पैशाचं सांगू नका.

नाही सांगत. फक्त आधी ती चालू करा, रंगाचं नंतर. त्यांच्या हातचे ओरखडे, सिगारेट लायटर, ग्लोव्ह बॉक्समधली पेट्रोलची बिलं फेकू नका. एका ताईंनी सासऱ्यांच्या गाडीचा स्टिअरिंग व्हील नवा कोरा करून घेतला, आणि मग म्हणाल्या की बाबांच्या अंगठ्यांनी झिजलेल्या दोन जागा होत्या, त्या गेल्या.

१८. काका, आमच्या ह्यांनी तीन वर्षांपूर्वी कॅमॅरो सुटी करून ठेवलीय. माझी गाडी तीन हिवाळे बर्फात उभी आहे. आता विकायची म्हणतात. काय मिळेल?

डब्यांत भरलेली गाडी सगळ्यात स्वस्त जाते. काय हरवलंय हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो सगळंच हरवलंय असं धरतो. ह्यांना दोन शनिवार द्या. दारं, बॉनेट, डिकी नुसती बोल्टांनी अडकवायची, काचा जागेवर ठेवायच्या, चारही चाकं लावून ती ढकलता आली पाहिजे. डब्यांवर नावं लिहून, झाकणं उघडी ठेवून फोटो काढा. टायटल हाताशी ठेवा. गंजाचेही फोटो टाका, त्याने फोन कमी येतात पण येणारे खरे असतात. जाहिरात मार्च-एप्रिलमध्ये द्या, बर्फ वितळल्यावर सगळ्यांचे हात शिवशिवतात.

आणि ती नेणारा ट्रेलर घेऊन आला की ह्यांना त्याच्याशी बोलत उभं राहू देऊ नका. त्याच्याकडे विकायला काहीतरी असतंच.